वाडा, धाबे आणि मोरी : खान्देशातील पाच दिवस

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी आजोबांनी बांधलेले सहा खणांचे धाब्याचे घर आहे आणि त्यात आता चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात माजघराच्या छतातून माती गळू लागली, तेव्हा घर पाडून स्लॅबचा बंगला बांधावा असे माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, सुचवले. मी नाशिकला अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात असल्यामुळे मला ते पटणे शक्य नव्हते. पण न पटण्यापलीकडे माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, हेही तितकेच खरे. शेवटी असे ठरले की, खान्देशात जुनी घरे राखून ज्यांनी ती आजच्या राहणीला योग्य केली आहेत, अशांकडे पाच दिवस फिरून यावे आणि मग आत्यासमोर बसून निर्णय घ्यावा. माघ संपत आला होता. सकाळी शाल लागत होती आणि दुपारी गाडीतला एसी.

पहिला दिवस : चाळीसगाव

नाशिकहून निघून मनमाड, नांदगाव मागे टाकत आम्ही अकराच्या सुमारास चाळीसगावात पोहोचलो. रेल्वे स्थानकाजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचा दगडी बंगला आहे. १९१२ मध्ये जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतल्यावर या घरात राहू लागला आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, त्याने घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून त्यांतून बर्फाचा डोंगर किंवा वादळी समुद्र भासवणारी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. शिवाय चित्रकला, मातीकाम, लाकडावरील कोरीवकाम आणि सतार हे सगळे याच भिंतींच्या आत चालत असे.

सजावटीच्या दृष्टीने मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटली. आजच्या भाषेत ज्याला ‘थीम’ म्हणतात, तसे त्या घरात काहीच नाही. माणूस जे करत होता त्याप्रमाणे वस्तू साठत गेल्या आणि त्या वस्तूंनी खोल्यांना रूप दिले. दादा मात्र इतकेच म्हणाला, “दगडी आहे म्हणून टिकलं. आपलं मातीचं आहे.” त्याच्या या वाक्याला उत्तर मिळण्यासाठी मला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले.

दुसरा दिवस : धुळे आणि सोनगीर

पेशवाई बुडाल्यावर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. त्या आखणीची शिस्त आजही पत्त्यांत दिसते. धुळ्यात माणूस ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असेच सांगतो. या गल्ल्यांतील जुनी घरे अरुंद तोंडाची आणि खोल पोटाची आहेत. खाली दुकान किंवा ओटा, वर लाकडी सज्जाची माडी आणि मागे एकामागून एक अंधारत जाणाऱ्या खोल्या.

आम्ही पाहिलेले घर समोरून जेमतेम चौदा फूट रुंद होते. घरमालक किराणा मालाचे व्यापारी, बोलायला मोकळे. मधला चौक त्यांच्या वडिलांनी पत्रा टाकून झाकला होता आणि त्यामुळे मधल्या दोन खोल्यांत दिवसाही दिवे लावावे लागत. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी नवे काही घालण्याआधी तो पत्रा काढला. खर्चाच्या मानाने इतका मोठा फरक मी क्वचितच पाहिला आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाची एक पट्टी येते, ती तासाभरात फडताळापर्यंत सरकते आणि त्यांच्या आई आता त्या पट्टीत बसून लसूण सोलतात. चौकाच्या कडेने त्यांनी फक्त दोन हात रुंदीची पत्र्याची झालर ठेवली आहे, म्हणजे पावसात या खोलीतून त्या खोलीत कोरडे जाता येते.

माडीवरची लाकडी फळ्यांची जमीन त्यांनी तशीच ठेवली, मात्र खालच्या खोलीत चालण्याचा आवाज येऊ नये म्हणून फळ्या आणि नवे आच्छादन यांच्यामध्ये नारळाच्या काथ्याची जाड चटई अंथरली. ही युक्ती त्यांच्या सुताराची होती, आर्किटेक्टची नव्हे. त्यांनी ती दोनदा सांगितली, यावरून तिचा अभिमान कळला.

धुळ्यात आल्यावर राजवाडे संशोधन मंडळात डोकावल्याशिवाय मला परतवत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये याच गावात निवर्तले आणि गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, कोनाड्यांतून गोळा केलेले कागद मागे ठेवून गेले. किती वाड्यांचे आता तेवढेच उरले असेल, असा विचार तिथे हटकून येतो.

दुपारनंतर आग्रा रस्त्याने सोनगीरला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. ठोक्यांचा आवाज ऐकत हिंडताना मी एका पितळी घंगाळासमोर थांबले, कारण त्याचे वॉशबेसिन करण्याची सध्या फार टूम आहे आणि मीही दोन गिऱ्हाइकांना ते करून दिले आहे. दुकानदाराने माझा हेतू ओळखून मान हलवली. रोज साबणाचे पाणी पडले की पितळ काळवंडते आणि हिरवे पडते. ते घासायला चिंच किंवा लिंबू घेऊन बसावे लागते, आणि बसणारी घरातली बाईच असते, गिऱ्हाईक नव्हे. मी घंगाळ घेतले, पण अंघोळीचे पाणी काढण्यासाठीच.

तिसरा दिवस : पारोळा

पारोळ्याचा भुईकोट किल्ला गावाच्या ऐन वस्तीत आहे. तो १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असे सांगतात. भोवती खंदक, आत पडझड आणि तटाला टेकलेली दुकाने असे त्याचे आजचे रूप आहे. तिथे आम्ही अर्धा तास काढला. कारण खरे काम पुढे होते. गावापासून काही मैलांवर, एका शेतकरी कुटुंबाच्या वाड्यात.

हा वाडा पाहिल्यावर दादा पहिल्यांदा गप्प झाला. बाहेरून तो अगदी आमच्या घराचा थोरला भाऊ. अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, पुढे दगडी ओटा, दिंडी दरवाजा, चौकटीच्या गणेशपट्टीवर तेलाने काळी झालेली कमळे, आत चौक आणि चौकाच्या तिन्ही बाजूंना सागाच्या खांबांवर उभ्या ओसऱ्या. वर धाबे. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते : खांबांवर सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर फळ्यांचे आच्छादन, त्यावर काटक्या-पाल्याचा थर आणि त्यावर खारी माती धोपटून केलेले सपाट छत. ही माती भिजली की फुगून एकजीव होते आणि पाणी खाली उतरू देत नाही; म्हणून तर गावोगाव पावसाळ्याच्या आधी धाब्यावर खारी टाकण्याची लगबग असते.

घराच्या दुरुस्तीचे सगळे सूत्र तिथल्या मोठ्या सूनबाईंनी हाताळले होते. त्या शिक्षिका आहेत आणि हिशेबाची वही त्यांनी आमच्यासमोर उघडून ठेवली. मला वाटले होते की वहीचे पहिले पान रंग, फरशी किंवा फर्निचरचे असेल. पहिल्या तीन पानांवर फक्त माती होती, काढलेली माती. दरवर्षी नवी खारी टाकायची पण जुनी काढायची नाही, असे दोन पिढ्या चालल्यामुळे धाब्यावर काही ठिकाणी दीड फुटाचा थर साचला होता. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर तिचे वजन साडेचार ते पाच टन भरते. ती भिजली की आणखी. सरे वाकतात ते लाकूड जुने झाले म्हणून नव्हे, तर आपण त्याच्या डोक्यावर बैलगाड्या उभ्या केल्या म्हणून. माती उतरवल्यावर दोन सरे आपोआप बोटभर वर आले, हे सांगताना बाईंनी बोट दाखवले.

बाकीच्या वाकलेल्या सऱ्यांना त्यांनी दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून आरपार बोल्टने आवळले आणि ते लोखंड लपवले नाही, नुसते गडद करड्या रंगात रंगवले. मला हे फार आवडले. जुने लाकूड जुने दिसते, नवे लोखंड नवे दिसते आणि कोणी कोणाचे सोंग घेत नाही. खांबांच्या बाबतीतही तेच. एका खांबाचा बुंधा वाळवीने पोखरला होता. तो हातभर कापून तिथे सागाचा नवा तुकडा खाचेत बसवला आणि खाली दगडी तळखडा दोन इंच उंच केला, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही. जोड स्पष्ट दिसतो. हात फिरवला तर नव्या लाकडाची धार अजून जाणवते. जुने लाकूड मात्र कमरेच्या उंचीवर, पोरांनी धरून गिरक्या घेतल्यामुळे, काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. छतावर आता पातळ फळ्या, त्यावर पाणी अडवणारा पडदा आणि वर विटांच्या तुकड्यांचा चुनखडी कोबा आहे.

भिंतींविषयी मात्र मला त्यांच्यासमोर आमच्याच घराची चूक कबूल करावी लागली. २००९ मध्ये माझ्या वडिलांनी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दिसायला भिंत गुळगुळीत झाली. पण मातीची भिंत जमिनीतील ओल वर खेचते आणि ती ओल पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद झाली. ओल आत कोंडली, लोणा धरला आणि तिसऱ्या पावसाळ्यात सगळा गिलावा पोपडा निघावा तसा, मातीच्या थरासकट, खाली आला. ठेकेदार तेव्हा फोन उचलेनासा झाला होता. पारोळ्याच्या वाड्यात याच कामासाठी भिजवून मुरवलेला चुना वापरला आहे, त्यात वाळू आणि थोडे गुळाचे पाणी. असा गिलावा वाळायला वेळ घेतो, कारागीर मिळायला त्याहून अधिक वेळ लागतो, पण भिंतीचा श्वास चालू राहतो. विजेच्या तारांसाठी त्यांनी भिंती खोदल्या नाहीत. तारा लाकडी पट्ट्यांतून कड्यांच्या रेषेने नेल्या आहेत आणि बटणे जुन्या देवळ्यांत, म्हणजे दिव्यासाठी ठेवलेल्या छोट्या कोनाड्यांत बसवली आहेत. पूर्वी जिथे हात दिव्याकडे जात असे, तिथेच आता बटणाकडे जातो.

नवे म्हणून जे केले आहे ते सगळे गोठ्यात. जनावरे शेतावर हलवल्यामुळे रिकामा झालेला गोठा पाडून न टाकता त्यात आधुनिक स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि दोन संडास केले. पाण्याचे सगळे नळ त्याच एका बाजूला, विटांच्या नव्या भिंतींत, त्यामुळे मातीच्या भिंतींना पाण्याचा स्पर्श नाही. धान्य साठवण्याची अंधारी खोली अभ्यासिका झाली आहे. तिच्या जाड भिंतीत पुस्तकांचे कप्पे सहज मावले आणि छताच्या झरोक्यावर काच बसवली आहे. बैठकीच्या खोलीत आखूड पायांचे लाकडी सोफे, एक झोपाळा आणि बाकी मोकळी जमीन. शोभेच्या वस्तू मोजून तीन.

“आम्हाला वाडा आवडत नव्हता असं नाही, ताई,” जेवताना बाई म्हणाल्या, “पण रात्री-अपरात्री मोरीसाठी चौक ओलांडून गोठ्यामागे जावं लागायचं. सासूबाई दोनदा पडल्या. वाडा पाडायचं आमच्या घरातही ठरलंच होतं. मी म्हटलं, आधी मोरी घरात आणा, मग पाडायचं का ते बघू.” न्हाणीघर झाल्यावर पाडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक चूक त्यांच्याकडूनही झाली होती. धूळ आणि माकडे नकोत म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी चौकावर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर घातले. मे महिन्यात तापमान पंचेचाळीस अंशांपलीकडे गेले आणि ज्या चौकातून रात्री गरम हवा वर निघून जायची, तिथे ती कोंडून राहू लागली. दिवसभर गार राहणारा वाडा संध्याकाळी भट्टी झाला. जूनच्या आधी ते छप्पर निघाले, आता तिथे फक्त लोखंडी जाळी आहे. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा असे जेवण त्या जाळीच्या सावलीच्या चौकटींत झाले. परतताना गाडीत दादाने मातीचा विषय काढला नाही, पण खोलीची लांबी-रुंदी विचारून मोबाइलवर टनांचा हिशेब मात्र दोनदा केला.

चौथा दिवस : जळगाव, फैजपूर

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंचा संसार झाला. तिथे आता त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवल्या आहेत. आसोद्याला जन्मलेली आणि अक्षरओळख नसलेली ती बाई याच वाड्याच्या जात्यापाशी बसली होती, हे डोळ्यांनी पाहण्यात समाधान आहे. पण संग्रहालय झालेले घर आणि नांदते घर यांत फरक असतो. संग्रहालयातील जाते कोणाच्या वाटेत येत नाही. नांदत्या घरात ते कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न असतो आणि तो सोडवणे हेच माझ्या धंद्याचे काम आहे.

दुपारी भुसावळवरून केळीच्या बागांमधून फैजपूरला गेलो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथे झाले आणि त्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी मंडप व नगराची सजावट बांबूसारख्या स्थानिक, स्वस्त साहित्यातून केली. त्या नगराचे आज काही उरलेले नाही, उरणारही नव्हते. पण जवळपास जे मिळते त्यातून शोभा उभी करण्याचा धडा या मातीत एकदा देऊन झालेला आहे.

त्याच्या अगदी उलट उदाहरण त्याच संध्याकाळी परिसरातील एका नव्या बंगल्यात पाहिले. मालकांनी हौसेने मोडक्या वाड्यांचे नक्षीदार खांब, महिरपी आणि दरवाजे विकत आणले होते. खांब बैठकीच्या मधोमध उभे, पण वरच्या स्लॅबपासून चार बोटे खाली संपलेले. काहीही न पेलणारे. बैलगाडीच्या चाकाचे टेबल, दरवाजाचे टेबल, आणि तरीही जेवायला स्टूल आतून आणावे लागले. घर वाईट नव्हते, माणसे तर फारच अगत्याची होती. पण ते खांब ज्या ओसरीतून उपटले गेले, ती कुठली, हे कोणालाच सांगता येईना, आणि मला सारखे तेच विचारावेसे वाटत होते.

पाचवा दिवस : अमळनेर आणि आमचे गाव

जळगावहून धरणगावमार्गे अमळनेरला आलो. बोरीकाठचे हे गाव सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानामुळे, १९१६ पासूनच्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे आणि प्रताप हायस्कुलात शिकवून गेलेल्या साने गुरुजींमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्ही तिथे एका मिस्त्रीला बरोबर घेण्यापुरते थांबलो. वय साठीच्या पुढे, चुन्याचे काम वडिलांकडून शिकलेले, पण गेल्या वीस वर्षांत ते कोणी मागितलेच नाही असे सांगणारे.

आत्या ओट्यावर वाट पाहत बसली होती. तिच्यासमोर मी मोबाइलवर फोटो दाखवू लागले : करडे चॅनल, देवळीतली बटणे, झरोक्याची काच. तिने चष्मा पुसून सगळे पाहिले, पारोळ्याच्या न्हाणीघराच्या फोटोवर थांबली आणि तो मोठा करून मागितला. कमोडशेजारी भिंतीला लावलेली स्टीलची दांडी तिने बोटाने दाखवली. “आशी दांडी पाहिजे. पहिले मोरी करा, मंग बाकीनं दखू. आनि ओटाले हात नका लावज्यात.”

दादाने विचारले, “आत्या, आणि स्लॅब?”

“उन्हायामा तू तठे झोपशी का?” आत्याने उलट विचारले. दादा पुण्यात सोळाव्या मजल्यावर राहतो. त्याने उत्तर दिले नाही.

मग कामाचे बोलणे सुरू झाले. घराच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी म्हैस बांधत, तिथे विटांची नवी भिंत घेऊन न्हाणीघर आणि संडास. आत्याच्या खोलीतून तिथे जायला एकही पायरी नको. पडलेल्या सिमेंटच्या गिलाव्याचे उरलेले तुकडे खरडून काढायचे आणि चुना मुरत घालायचा. माजघराच्या दोन सऱ्यांना चॅनल. स्वयंपाकघराचा ओटा उभ्याने काम करता येईल असा, पण शेजारी पाटावर बसण्याइतकी जागा राखून, कारण आत्या भाकरी बसूनच थापते आणि थापणार. आजोबांच्या खुंट्या जागच्या जागी. माझ्या वहीतले टांगते दिवे, रंगीत सिमेंटची जमीन आणि खिडकीतली बैठक हे सर्व दुसऱ्या पानावर गेले. खर्चाचा आकडा स्लॅबच्या बंगल्याच्या निम्म्याहून थोडा अधिक आला. दादाने तो नि:शब्द मान्य केला, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

मिस्त्रींनी शिडी मागितली. शेजारच्यांकडून ती येईपर्यंत ऊन कलले होते. वर चढून त्यांनी माजघराच्या वरच्या भागात सब्बल उभी ठोकली, ती कुठपर्यंत जाते ते पाहिले आणि ओल्या मातीच्या खुणेवर अंगठा ठेवून आम्हाला दाखवली. सोळा इंच. मग त्यांनी पहिली टोपली भरली आणि खाली उभ्या असलेल्या दादाकडे सोडली. मातीच्या थरात मधेच जुन्या काळ्या खापराचा एक तुकडा निघाला. आत्याने तो उचलून पदराला पुसला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.